घरी क्राफ्ट बियर चाखताना: क्रम, तापमान, आणि दोष कुठला, शैली कुठली?

कोथरूडचा_कट्टा

शनिवारी संध्याकाळी आम्ही सहा जण घरी क्राफ्ट बियर चाखायला बसणार आहोत. आजवर 'मस्त आहे', 'कडू आहे', 'काहीतरी वेगळंच लागतंय' यापुढे कुणाची गाडी गेलेली नाही, म्हणून या वेळी जरा नीट करायचं ठरलंय. माल असा: ५०० मिलीचे चार कॅन, त्यात पिल्सनर (फिकी, कोरडी), हेझी आयपीए आणि वेस्ट कोस्ट आयपीए (दोन्ही हॉप्सवाल्या; पहिली गढूळ, दुसरी जास्त कडू) आणि स्टाउट (भाजक्या धान्याची, काळी). शिवाय ब्रुअरीतून भरून आणायचे एकेक लिटरचे दोन ग्राउलर (झाकणाच्या मोठ्या बाटल्या), एक हेफेवायझन (जर्मन गव्हाची बियर) आणि एक कोकम घातलेली गोझ (आंबट-खारट जर्मन बियर).

कुठल्या क्रमानं घ्यायच्या? प्रत्येकी किती ओतायची? फ्रिजमधून काढल्या काढल्या, की थोडं थांबून? आणि मुख्य प्रश्न हा की एखाद्या बियरला केळ्याचा, लवंगेचा, लोण्याचा किंवा आंबूस वास आला, तर ती तशीच असते की बिघडलेली आहे, हे कसं ठरवायचं? आमच्यात वाद होतात ते नेमके यावरून. वाइनचे ग्लास चारच आहेत, बाकी काचेचे साधे पेले.

माल्टोबा

आधी हिशोब. माणशी ८० मिली ओता. सहा बियरचे मिळून ४८० मिली होतात. सरासरी साडेपाच टक्के धरले तर त्यात साधारण २१ ग्रॅम अल्कोहोल जातं. ६५० मिलीच्या आठ टक्केवाल्या स्ट्राँग बाटलीत याच्या जवळजवळ दुप्पट असतं. ८० मिलीत तीन-चार नीट घोट होतात आणि ५०० मिलीचा कॅन सहा जणांत बरोबर संपतो. याहून जास्त ओतलंत तर चौथ्या बियरपासून टिपणं ढासळायला लागतील, आणि खरी गंमत तिथूनच पुढे आहे. सगळे २१ च्या पुढचे आहेत आणि परतताना कुणी गाडी चालवणार नाही, हे गृहीत धरतोय.

क्रम: पिल्सनर, हेफेवायझन, गोझ, हेझी, वेस्ट कोस्ट, स्टाउट. रंगावर जाऊ नका, टक्क्यांवरही फार जाऊ नका. तोंडात मागे काय उरतं त्यावर क्रम लावायचा. हॉप्सचा (बियरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा साचत जातो. वेस्ट कोस्टनंतर पिल्सनर घेतलीत तर ती नुसतं सोडा-पाणी लागेल, मग ती कितीही सुबक केलेली असो. हेझीत हॉप्सचा वास भरपूर असतो पण कडवटपणा कमी, म्हणून ती वेस्ट कोस्टच्या आधी. कॅनवरचा आयबीयू बघून क्रम लावू नका. तो आकडा कडू संयुगांचं मोजमाप आहे. तो कडवटपणा जिभेला किती जाणवेल हे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोडव्यावर ठरतं. ३५ आयबीयूची गोडसर स्टाउट ३५ आयबीयूच्या कोरड्या पिल्सनरपेक्षा कितीतरी मऊ लागते.

तापमान: पिल्सनर ५ ते ७ अंश, हेफेवायझन आणि गोझ ७ ते ९, दोन्ही आयपीए ८ ते १०, स्टाउट १० ते १३. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. म्हणजे पिल्सनर काढून लगेच ओता, आयपीए दहा मिनिटं आधी काढा, स्टाउट वीस-पंचवीस मिनिटं आधी. उन्हाळा असेल तर यातली निम्मी वेळ पुरे, कारण ८० मिलीचा एवढासा घोट ग्लासात भराभर तापतो. फार थंड बियरमधून वास सुटत नाही, गोडवा दबतो आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो. फ्रीझरमध्ये ठेवून बर्फाळ केलेले मग तर अजिबात नकोत. आतल्या बर्फाच्या पापुद्र्यामुळे फेस एकदम उसळतो, तो वितळून बियर पातळ होते, वर फ्रीझरमधल्या मासळीचा वासही फुकट मिळतो.

ग्लास सगळ्यांना एकसारखेच द्या. चौघांना वाइन ग्लास आणि दोघांना पेले दिलेत तर त्या दोघांची टिपणं वेगळीच येतील, आणि तुम्ही बियरवरून भांडत बसाल. आत वळलेल्या काठाचा कुठलाही काचेचा ग्लास चालेल. नसेलच तर सहाही साधे पेले घ्या, एक तृतीयांश भरा आणि वर तळहात झाका. स्टीलचे नकोत, रंग आणि फेस दिसत नाही.

ग्लास धुणं हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. भांड्यांच्या लिंबूवाल्या साबणाचा वास आणि तेलाचा ओशटपणा काचेला चिकटून राहतो. तेल फेस मारतं आणि वास गोझमध्ये 'लिंबासारखं काहीतरी' म्हणून नोंदला जातो. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून धुवा, भरपूर पाण्यानं खळबळा, जाळीवर पालथे घालून वाळू द्या. स्वयंपाकघरातल्या फडक्यानं पुसू नका. तपासायचं असेल तर ग्लास ओला करून आत चिमूटभर बारीक मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं, ओशट जागा मोकळ्या राहतात. ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तरी तेच समजायचं.

खोलीत अगरबत्ती, डासांची कॉइल, मोगऱ्याचा गजरा, अत्तर, हाताला लावायचं सॅनिटायझर, काहीही नको. शेजारच्या शेगडीवर बोंबील तळणं तर त्या दिवशी पूर्ण बंद.

लॅबवाली

दोष की शैली, या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात मिळत नाही, कारण तोच वास एका बियरमध्ये हवा असतो आणि दुसरीत नको. कॅन फोडण्याआधी त्या शैलीत काय अपेक्षित आहे हे कागदावर लिहून ठेवा. मग 'आवडली नाही' आणि 'बिघडली आहे' या दोन गोष्टी आपोआप वेगळ्या होतात. तुमच्या सहाही बियर एकेक करून घेते.

पिल्सनरपासून सुरुवात, कारण हिच्यात लपायला जागा नाही. हलका ब्रेडसारखा माल्ट, गवती किंवा फुलांसारखा हॉप, कोरडा शेवट. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर तो डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड, गंधकाचं एक संयुग). फिक्या माल्टमधल्या एका घटकापासून तो तापवताना तयार होतो आणि जोरदार उकळीत वाफेबरोबर निघून जातो. उकळी मंद ठेवली, झाकण ठेवून उकळलं, किंवा उकळल्यानंतर थंड करायला फार वेळ लावला, तर तो मागे राहतो. जर्मन पद्धतीच्या लागरमध्ये (थंडीत आंबवलेली बियर, पिल्सनर त्यातलीच) त्याची पुसटशी छटा चालवून घेतात; कणसाचा ठेला आठवण्याइतका आला तर दोष.

लोणी, पॉपकॉर्न, बटरस्कॉच आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे डायअसिटिल. यीस्ट काम करताना याचा पूर्वज बाहेर टाकतं, त्याचं डायअसिटिल होतं, आणि शेवटच्या दिवसांत यीस्टच ते परत शोषून घेतं. ब्रुअरनं घाई करून बियर लवकर थंड केली की ही सफाई अर्धवट राहते. चेक पिल्सनरमध्ये आणि काही इंग्लिश एलमध्ये (लागरपेक्षा गरम आंबवलेली बियर) थोडं चालतं, जर्मन पिल्सनरमध्ये नाही. हाच वास तुमच्या हेझीत आला तर कारण वेगळं असू शकतं: थंड बियरमध्ये मागाहून ओतलेल्या हॉप्समध्ये विकरं असतात, ती उरलेल्या न आंबणाऱ्या साखरा तोडतात, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि डायअसिटिलचा नवा हप्ता पडतो. अशा वेळी ब्रुअरी सोडताना बियर ठीक असते आणि कॅनमध्ये बिघडते. नळाच्या बियरमध्ये लोणी आणि त्याबरोबर आंबटपणा असेल तर बहुधा नळ्या घाण आहेत. दर १४ दिवसांनी नळ्या कॉस्टिकनं धुवाव्यात असा अमेरिकी ब्रुअर्स असोसिएशनचा दंडक आहे; सगळीकडे तो पाळला जात नाही, हे सांगायला नको.

कच्चं हिरवं सफरचंद किंवा नुकत्याच चिरलेल्या भोपळ्याचा वास म्हणजे असिटाल्डिहाइड. बहुतेक वेळा याचा अर्थ बियर अजून कोवळी आहे. अल्कोहोल तयार होण्याआधीची ही पायरी; यीस्टला वेळ दिला की उतरते.

हेफेवायझनमध्ये केळं आणि लवंग हवीच. केळं आयसोअमाइल असिटेटचं, लवंग ४-व्हिनाइल ग्वायाकोलची. दोन्ही यीस्टची देणगी, वरून काही घातलेलं नसतं. आंबवण जरा गरम झाली की केळं वाढतं. माल्ट भिजवताना ४३ ते ४५ अंशांवर थोडा मुक्काम केला की फेरुलिक आम्ल सुटतं आणि लवंग वाढते. त्यामुळे 'केळं जास्त, लवंग कमी' असं टिपण लिहिलंत तर ब्रुअरला त्यातून काहीतरी कळतं. मात्र हीच लवंग वेस्ट कोस्टमध्ये आली तर जंगली यीस्टचा शिरकाव समजा. आणि लवंगेऐवजी दवाखान्याचा, बँडेजपट्टीचा वास असेल तर तो क्लोरोफिनॉल: पाण्यातलं क्लोरीन काढलेलं नाही किंवा जंतुनाशक नीट धुतलं गेलं नाही. हा कुठल्याच शैलीत माफ नाही.

गोझ मूळची जर्मनीतल्या गोस्लारची, पुढे लाइपत्सिगमध्ये रुजली. गहू, धणे, मीठ आणि लॅक्टिक आंबटपणा. म्हणजे ताकासारखा स्वच्छ आंबट स्वाद हवा, कोकमाचा फळाकडचा आंबटपणा त्याच्या वर बसलेला, आणि मीठ 'खारट' म्हणून नव्हे तर तोंडाला पाणी सुटण्याइतपत. नाकाला झोंबणारा व्हिनेगर म्हणजे असिटिक आम्ल, ते नको. फरक साधा आहे: लॅक्टिकला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, तो जिभेवर कळतो, असिटिक ग्लास तोंडाशी नेण्याआधीच नाकात शिरतं. धणे जुने झाले किंवा जास्त पडले तर ते हॅम किंवा सेलरीकडे झुकतात, हे लक्षात ठेवा. आपल्याकडच्या लांबट धण्यांत लिंबूवर्गीय गोडवा जास्त असतो, ती या शैलीची चैनच म्हणायची.

आयपीएमध्ये बघायचं ते ऑक्सिडेशन. ओल्या पुठ्ठ्याचा वास, शिळा मध, शेरीसारखी छटा. हेझी तर रंगानंच सांगते: पिवळीधमक असायला हवी, करडी-तपकिरी दिसली की तिचं संपलं. काही हॉप्सना मांजराच्या मुताकडे जाणारी छटा असते, काही कांदा-लसणाकडे झुकतात. हा हॉप्सच्या जातीचा आणि तोडणीच्या वेळेचा गुण, ब्रुअरीतला बिघाड नव्हे. नाव मात्र ठेवू शकता.

स्टाउटमध्ये कॉफी, कोको, करपलेल्या पापडाची किंचित छटा चालते, भाजलेल्या धान्याचा हलका आंबटपणाही चालतो. गाल आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा नको. तो टरफलांतल्या टॅनिनचा. माल्ट धुताना पाणी ७७ अंशांच्या वर गेलं किंवा त्याचा पीएच ६ च्या वर चढला की टॅनिन उतरतं. कडू जिभेच्या मागे रेंगाळतं, तुरट गालांना आवळतं. कच्चा चिकू आठवा, घोळ होणार नाही.

कोथरूडचा_कट्टा

जबरदस्त. प्रिंट काढून टेबलावर ठेवतो. दोन शंका. प्रत्यक्ष चाखायची पद्धत काय, वाइनसारखं थुंकायचं का? आणि मधे मधे तोंड साफ करायला काय ठेवू?

माल्टोबा

थुंकू नका. कडवटपणाचा शेवट आणि घशातून नाकाकडे परत येणारा वास गिळल्याशिवाय नीट कळत नाही. बियरचे परीक्षकही गिळतात. म्हणूनच ८० मिली.

ओतल्याबरोबर आधी वास. गंधकाचे वास (कुजकं अंडं, पेटवलेली काडी) पहिल्या अर्ध्या मिनिटात उडून जातात, आणि लागर यीस्टचा तो गंध उडून गेला तर तो दोष मानतही नाहीत. आधी ग्लास नाकाखालून नुसता फिरवा, मग दोन छोटे हुंगे, मग वर हात झाकून ग्लास गोल फिरवून एक लांब. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा किंवा कोपराचा वास घ्या. कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत सोडा, ती नाकात आणखी एक वास भरते. मग फेस आणि रंग, मग घोट. पहिला घोट सगळ्या तोंडात फिरवायचा, त्यावर काही लिहायचं नाही. दुसऱ्या घोटावर लिहायचं. तिसरा घोट बियर पाच-सहा अंश वर चढल्यावर, कारण अनेक दोष तेव्हाच तोंड वर काढतात.

तोंडासाठी साधं गाळलेलं पाणी, क्लोरीनचा वास नसलेलं, गार नको. खायला अळणी मुरमुरे, साधा पाव किंवा ज्वारीची कोरडी भाकरी. खारी नको, मारी बिस्किट नको. एकात तूप, दुसऱ्यात साखर. चिवडा, मसाला पापड, शेंगदाणे सगळं शेवटची बियर संपेपर्यंत कपाटात. तेलाचा थर जिभेवर बसतो, आणि तिखटानं पेटलेल्या जिभेला हॉप्स दुप्पट कडू लागतात.

फेसबाज

क्रमाशी असहमत. कोकमाची गोझ तिसऱ्या नंबरावर ठेवलीत तर पुढच्या हेझीचा मऊपणा मारला जाईल. आंबटानंतर माल्ट गोडसर आणि चपटा लागतो. माझ्या मते गोझ स्टाउटच्याही नंतर, अगदी शेवटी. नाहीतर तिच्यानंतर दहा मिनिटांची सुट्टी घ्या.

माल्टोबा

स्टाउटनंतर गोझ म्हणजे कोकमाच्या नाजूक वासाचा बळी. गोझ साधारण साडेचार टक्क्यांची, फिकी बियर. भाजक्या धान्यानंतर तिच्यातले धणे कुणाला सापडणार? तीव्र आंबट, फळांनी भरलेली असेल तर शेवटी ठेवा, मान्य. नेहमीच्या गोझसाठी तिसराच नंबर आणि नंतर दहा मिनिटं पाणी-भाकरी. तुमची सुट्टीची सूचना तेवढी उचलतो.

फेसबाज

चला, दहा मिनिटांवर तह. ग्राउलरबद्दल मात्र कुणीच बोललं नाही, आणि सहातल्या दोन बियर त्यातच आहेत.

नळाखाली नुसती धरून भरलेली ग्राउलर २४ ते ४८ तासांत संपवायची. आत हवा गेलेली असते, ऑक्सिजनचं काम भरल्या क्षणापासून सुरू होतं. आधी कार्बन डायऑक्साइडनं हवा हाकलून दाबाखाली भरणारं यंत्र असेल तर आठवडाभर निभावते. म्हणजे शनिवारच्या बैठकीसाठी शुक्रवारी संध्याकाळच्या आधी भरू नका. ग्राउलर आदल्या दिवशी गरम पाण्यानं धुऊन, वाळवून, फ्रिजमध्ये गार करून न्या. गरम काचेत गार बियर ओतली की निम्मा वायू फेसातून तिथेच जातो. मानेपर्यंत भरून घ्या. वर चार बोटं रिकामी सोडली तर तेवढी हवा आत कोंडली. रंग तपकिरी हवा. पारदर्शक ग्राउलर दिसायला छान, पण हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि जळक्या रबराकडे जाणारा उग्र दर्प येतो. उन्हात त्याला काही मिनिटं पुरतात. हिरवी काचही फारशी वाचवत नाही.

भरल्यावर उभी ठेवा, गाडीत उन्हात सोडू नका, फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही. साधी काचेची ग्राउलर दाब सोसायला बनवलेली नसते, बियर तापली की दाब वाढतो आणि गोठली की आकारमान. दोन्हीचा शेवट काचांमध्ये. एकदा उघडली की त्याच रात्री संपवायची.

हेफेवायझनचं यीस्ट तळाशी बसतं. झाकण उघडण्याआधी ग्राउलर दोनदा हळूच आडवी करून उभी करा, हलवू नका. नाहीतर पहिल्याला स्वच्छ आणि सहाव्याला गढूळ बियर मिळेल, आणि दोघं आपापल्या परीनं बरोबर असूनही तासभर वाद घालतील. कॅनचंही तसंच. एका फेरीत ८० मिली ओतू नका. पहिल्या फेरीत निम्मं, दुसऱ्या फेरीत उलट क्रमानं निम्मं, म्हणजे फेस आणि गाळ सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. जगमध्ये ओतून वाटायचा मोह टाळा, वायू उडतो.

हिरवा_शंकू

कॅनवरची तारीख बघा हो आधी! भरल्याची तारीख, एक्सपायरी नव्हे. आयपीएला एक्सपायरी सहा महिन्यांची छापलेली असली तरी हॉप्सचा ताजा वास त्याच्या कितीतरी आधी उतरतो. हेझी भरल्यापासून महिना-दीड महिन्यात, वेस्ट कोस्ट दोन-तीन महिन्यांत घ्यावी. तीही सतत थंड राहिली असेल तर. ब्रुअरींमध्ये ३-३०-३०० असा ठोकताळा वापरतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, तिन्हींत बियर साधारण सारखीच म्हातारी होते. मे महिन्यात दुकानाच्या फळीवर उभ्या असलेल्या कॅनचं काय होत असेल ते यावरून काढा. फ्रिजमधला कॅन मागा, आणि फळीवरून आत्ताच फ्रिजमध्ये टाकलेला नाही ना, हेही विचारा. स्टाउटला एवढी घाई नसते.

फळं घातलेल्या बियरचं वेगळं. आंब्याची, कोकमाची, जांभळाची बियर पाश्चराइज केलेली नसेल तर ती फ्रिजमध्येच ठेवायची, कारण उरलेल्या फळसाखरेवर यीस्ट पुन्हा सुरू होऊ शकतं. कॅनचं डोकं फुगलेलं दिसलं तर उघडू नका. आणि आंब्याच्या बियरमध्ये आमरस शोधू नका. साखर यीस्टनं खाल्लेली असते, मागे उरतो तो आंब्याचा वास आणि किंचित कोयीकडचा तुरटपणा. या अपेक्षाभंगातून चांगल्या बियरला वाईट शेरे मिळतात.

लॅबवाली

आंब्याबद्दल शंभर टक्के सहमत.

कट्टेकर, वाद कमी करायचे असतील तर चाखण्याआधी पंधरा मिनिटांचा वर्ग घ्या. साध्या, वास नसलेल्या लागरचे ३३० मिलीचे पाच कॅन आणा. एकात पांढरं व्हिनेगर २ मिली, असिटिक कळेल. एकात डब्यातल्या गोड मक्याचं पाणी दोन छोटे चमचे. डीएमएसच्या जवळ जाणारा वास. एकात बटर एसेन्स, केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. ते थेट घालू नका, १०० मिली पाण्यात एक थेंब टाका आणि त्या पाण्यातलं १ मिली बियरमध्ये, वास जेमतेम जाणवेपर्यंत वाढवत जा. चार लवंगा अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी चमच्या-चमच्यानं चौथ्यात. पाचवा कॅन कोराच ठेवा, तुलनेला. मिसळलेल्या प्रत्येकाचा फक्त वास आणि एक छोटा घोट, बाकी मोरीत ओतून द्या.

प्रकाशाचा दोष तर फुकटात दिसतो. वेस्ट कोस्टचे दोन छोटे घोट दोन काचेच्या पेल्यांत, एक दहा मिनिटं खिडकीत उन्हात, एक सावलीत झाकून. उन्हातला नाकाशी नेला की पुन्हा कुणी पारदर्शक बाटली मागणार नाही. बैठक संध्याकाळी आहे, म्हणून ऊन असतानाच हे उरकून घ्या.

आणखी एक युक्ती. लोखंडासारखा किंवा रक्तासारखा वास येतोय असं वाटलं तर बियरचा थेंब हाताच्या पाठीवर चोळा आणि हुंगा. धातूचा अंश असेल तर वास ठळक होतो.

कोथरूडचा_कट्टा

हा वर्ग नक्की घेणार. मार्क कसे द्यायचे? अॅपवर पाचपैकी तारे देतो तसंच?

हिरवा_शंकू

ताऱ्यांनी एवढंच कळतं की लोकांना गोड, जड आणि जास्त टक्क्यांची बियर आवडते. नीट केलेली पिल्सनर तिथे कायम साडेतीनच्या आसपास घुटमळते आणि केकसारखी स्टाउट डोक्यावर बसते.

बीजेसीपीचा (बियर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी संस्था) पन्नास गुणांचा तक्ता वापरा: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण मत १०. दिसण्याला तीनच गुण आहेत हे बघा आणि गढूळपणावरून होणारी भांडणं तिथेच मिटवा. हा तक्ता शैलीशी ताडून मार्क देण्यासाठी आहे, म्हणून आवडीचा रकाना बाजूला वेगळा काढा. 'शैलीनुसार ३८, मला आवडली नाही' हे पूर्णपणे कायदेशीर टिपण आहे.

सगळ्यांचं लिहून होईपर्यंत एक शब्दही नको, चेहरेही नकोत. पहिला जो 'पेरू!' म्हणतो त्याच्यामागून पाचही जणांना पेरू लागायला लागतो. शब्द स्वयंपाकघरातले वापरा. नाचणीचं सत्त्व, भाजके फुटाणे, काकवी, पपनसाची साल, कैरी, ओलं गवत. 'कॉम्प्लेक्स', 'स्मूद', 'बॅलन्स्ड' यांवर बंदी घाला, त्यातून काहीच कळत नाही.

फेसबाज

आणि कुणी फार छातीठोकपणे बोलायला लागला तर त्रिकोणी चाचणी. तीन सारखे पेले, दोनांत एकच बियर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कुठला ते ओळखायचं. पेल्यांवर तीन आकडी कुठलेही क्रमांक लिहा, १-२-३ किंवा अ-ब-क नको, कारण माणूस आपोआप 'अ'ला झुकतं माप देतो. रंगात फरक असेल तर दिवा मंद करा किंवा अपारदर्शक पेले घ्या. वेगळा पेला प्रत्येकाच्या ताटात वेगळ्या जागी.

पिल्सनरचा आणखी एक कॅन आजच आणून फ्रिजबाहेर ठेवा, शनिवारी फ्रिजमधल्याशी लावून बघा. नुसत्या अंदाजानंही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून सहापैकी निदान पाच जणांनी ओळखलं तरच फरक खरा धरायचा. चार जणांनी ओळखणं निव्वळ नशिबानंही दहातल्या एखाद्या वेळी घडतं. बाहेरचा कॅन शनिवारी सकाळी फ्रिजमध्ये टाका, नाहीतर सगळे तापमानावरूनच ओळखतील.

कोथरूडचा_कट्टा

आजच आणतो. शेवटचं: प्रत्येक ग्राउलरमध्ये अर्धा लिटर उरणार. त्याच रात्री संपवायची म्हणता, तर सोबत काय?

माल्टोबा

हेफेवायझनबरोबर कोथिंबीर वडी किंवा अळूवडी. गहू आणि बेसन एकमेकांना धरून राहतात, आणि वायू भरपूर असल्यानं तेल तोंडात रेंगाळत नाही. गोझबरोबर तळलेली मासळी, म्हणजे तुमचे बोंबील आता शेगडीवर जाऊ द्या. लिंबू पिळायची गरज पडणार नाही. आयपीए उरली असेल तर खारे शेंगदाणे, ठेचा मात्र नको. स्टाउट सहसा उरत नाही.